सिरॅमिक डुप्लेक्सरचं आयसोलेशन कमी येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जीएसएम ९०० या मोबाइल बँडचा (अपलिंक ८९० ते ९१५, डाउनलिंक ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ) एक मोनोब्लॉक, म्हणजे एकाच ठोकळ्यातला, सिरॅमिक डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवायचा आणि घ्यायचा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर) टेस्ट बोर्डवर बसवलाय. डेटाशीट म्हणतं टीएक्स-आरएक्स आयसोलेशन (पाठवण्याच्या पोर्टमधून घेण्याच्या पोर्टकडे गळणारा सिग्नल किती दबतो ते) ५० डीबी. मला जेमतेम ३२ मिळतंय, आठवडा झाला डोकं लावतोय.

बोर्ड १.६ मिमी एफआर-४, ट्रेस ३ मिमी, तीन एसएमए कनेक्टर. मोजताना अँटेना पोर्टला ५० ओहमचा लोड लावलेला असतो. ठोकळ्याखाली ग्राउंडचे व्हाया (बोर्डच्या थरांना जोडणारी भोकं) फक्त सहा आहेत, मला पहिला संशय तिथेच आहे. दुसरी गोष्ट, सोल्डर करताना बोर्ड आधी गरम करून घेतला नाही, आणि आता भिंगातून पाहिलं तर एका कोपऱ्यावर तांदळाच्या कणीएवढा चांदीचा थर उडालाय.

हवेत ९०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ८३ मिमी भरते, तीच ३८ डायलेक्ट्रिक स्थिरांकाच्या सिरॅमिकमध्ये साडेतेरा मिमीत मावते. एवढ्याशा ठोकळ्यात थोडंही बिघडलं तर फरक पडणारच, हे कळतं.

व्हीएनए (हे आयसोलेशन मोजायचं यंत्र, नेटवर्क अ‍ॅनालायझर) हातातला, स्वस्तातला आहे. ९०० च्या वर त्याची डायनॅमिक रेंज (किती बारीक सिग्नलपर्यंत मोजता येतं ती) घसरते, म्हणून त्याच्या दोन्ही पोर्टना लोड लावून पाहिलं. त्याचा स्वतःचा तळ ५५ डीबीच्या आसपास खाली येतो, म्हणजे ३२ हा आकडा खराच असावा.

उडालेल्या जागी कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंट लावलेला चालेल का? की त्याने रेझोनेटरची (ठोकळ्यातल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमणाऱ्या भागाची) फ्रिक्वेन्सी सरकेल? आणि मोनोब्लॉकच्या उघड्या तोंडावर पत्र्याची शील्ड लावून कुणाला फरक पडलाय का? नवीन बोर्ड करायला टाकण्याआधी कळलं तर फार बरं होईल.