रात्रीची रेशमी टोपी: सरकते, वळ उठतो, घाम येतो

रानजाई:
केस कुरळे, कमरेपर्यंत. सुती अभ्र्यावर सकाळी पार पिंजारलेले असतात, म्हणून ऑनलाइन मिळणारी 'सिल्क' टोपी आणली. ती मध्यरात्रीच उशीवर सापडते, कपाळावर इलॅस्टिकचा वळ उठतो आणि टाळूला घाम येतो. माप चुकतंय की कापड? घरात जुनी रेशमी साडी आहे, तिची शिवता येईल का?

उरेबपट्टी:
आधी कापड तपासा. साटीन हे विणीचं नाव, धाग्याचं नव्हे, आणि स्वस्तातलं 'सिल्क साटीन' बहुधा पॉलिएस्टरच असतं. आतल्या शिवणीतले दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. गुंता दोन्हींनी कमी होतो, पण पॉलिएस्टर घाम शोषत नाही. तुमच्या टाळूचं कारण बहुतेक तेच. विकतच घ्यायची तर 19 ते 22 मॉमेचं रेशीम बघा (मॉमे हे रेशमी कापडाच्या वजनाचं माप, 1 मॉमे म्हणजे चौरस मीटरला साधारण 4.34 ग्रॅम).

साडीची उत्तम होते, पण काठ-पदर सोडून. जरीची तार बटांत अडकते. कापड उजेडासमोर धरा. जुनं रेशीम घडीवर आधी विरतं, तेवढा भाग टाळा. कमरेपर्यंतच्या केसांना 65 सेंमी व्यासाचं वर्तुळ लागेल. गोल कडा दुमडून नेफा करायला जाऊ नका, झोळ पडतो. 4 सेंमी रुंद उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावून नेफा करा. 9 किंवा 11 नंबरची नवी सुई घ्या. बोथट सुई धागे ओढते. इलॅस्टिक फक्त मागच्या अर्ध्या भागात, पुढे त्याच रेशमाची चपटी नाडी. वळ उठतो तो गोल, अरुंद इलॅस्टिकमुळे. बांधल्यावर कपाळाशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत.

भुरभुर_बटा:
सरकण्याचा दोष निम्मा टोपीचा, निम्मा केसांचा. मानेवर वेणी असेल तर कूस बदलताना तिचं वजन टोपी मागे ओढतं. वाकून सगळे केस टाळूवर घ्या, कापडी रबराचा एकच वेढा द्या, दुसरा नको. कुरळ्यांना हे सर्वात सोयीचं, वळणं दाबली जात नाहीत. सरळ केसांना मात्र सैल वेणीच बरी. आणि टोपीची कड केसांच्या रेषेवर नको, एक बोट खाली कपाळावर हवी. रोज रात्री त्याच रेषेवर ताण आला की कानाजवळचे बारीक केस आधी तुटतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांत या टोपीची जुनी वहिवाट आहे. तिथेही कडेचे केस जपण्यावरच मोठा भर असतो.

रानजाई:
शनिवारी रात्री तेल लावते आणि अधूनमधून रात्रीच न्हाते. तेव्हाही घालायची?

उरेबपट्टी:
तेलाच्या रात्री ती पॉलिएस्टरचीच घाला, रेशमावर डाग बसतो. रेशमी टोपी आठवड्याला धुवा. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीत बहुधा प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, आणि रेशीम हे प्रथिनच! रिठ्याचं पाणी किंवा लोकरीचा सौम्य साबण, कोमट पाणी, पाच मिनिटं. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा, उलटी करून सावलीत वाळवा.

भुरभुर_बटा:
ओल्या केसांवर अजिबात नको. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, त्यात टोपीत ओल कोंडून टाळूला वास येतो, कोंडा वाढतो. पावसाळ्यात तर मुळं दोन-तीन तासांतही वाळत नाहीत. टोकं कोरडी लागली तरी फसू नका, मानेवरच्या केसांत बोटं घालून बघा.

रानजाई:
धागा जाळून पाहिला. मणी झाला. साडी काढतेय.