शेवग्याच्या पाल्याच्या रसानं कोलेस्ट्रॉल उतरतं का? बाबांनी गोळी बंद केलीय

मांजराकाठ (लातूर):
बाबांचं वय ६४. मागच्या महिन्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची टेस्ट) केलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ३१२ अन एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १६८ आलं, डॉक्टरांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन ही कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू केली. आता शेजारचे काका म्हणायलेत उपाशीपोटी शेवग्याच्या पाल्याचा रस घ्या, गोळी जन्माची मागं लागते, वरून मोबाइलवर एक रिसर्च पण पाठवला. चार दिवस झाले बाबा रस घ्यायलेत अन गोळ्यांचं पाकीट कपाटावर. मी बोललो की "तुला काय कळतंय". कुणाला अनुभव?

पाटोद्याची_लेक:
आमच्या सासूबाईंनी तीन महिने घेतला, कमी आलं बरं का. पण खरं सांगू, तेव्हाच त्यांची संध्याकाळची भजी अन चटणीवर ओतायचं तेल पण बंद झालतं, मग कशानं उतरलं ते देव जाणे.

सोक्सलेटवाला (नांदेड):
बी.फार्मला प्रोजेक्टच हा होता. ते रिसर्च बहुतेक पांढऱ्या उंदरांवरचं असतं, त्यांना आधी चरबीचा खुराक घालून लिपिड चढवतात मग अर्क पाजतात. अर्क म्हणजे मिक्सरमधला रस नव्हे हो. पाला सावलीत वाळवा, भुकटी करा, सोक्सलेटमध्ये (अर्क काढायचं काचेचं उपकरण) अल्कोहोलवर तासन्‌तास चालवा, मग अल्कोहोल उडवून खाली हिरवा-काळा चिकट गाळ राहतो तो अर्क, आम्ही चमच्यानं खरवडून काढायचो. डोस किलोमागं २००-४०० मिलिग्रॅम. ४०० धरा, उंदराचं माणसाला लावताना सहानं भागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ४ ग्रॅम अर्क, अन भुकटीतून अर्काचा उतारा दहा टक्के धरला तर ४० ग्रॅम वाळलेली भुकटी. वाटीभर रस कुठं बसतो यात?
अन काकांना सांगा, स्टॅटिन (बाबांची गोळी याच जातीची) पण बुरशीतच सापडलं, जपानच्या शास्त्रज्ञ अकिरा एंडोंनी १९७० च्या दशकात पेनिसिलियम बुरशीमधून काढलं. फक्त ते नंतर हजारो माणसांवर तपासलंय. रस घ्यायचाच तर डॉक्टरच्या कानावर घाला, शुगरची गोळी चालू असेल तर नक्कीच. बाय द वे रक्त उपाशीपोटी दिलतं का?

मांजराकाठ (लातूर):
आत्ता आईला विचारलं. लॅबवाला घरी यायच्या आधी बाबांनी दोन कप गोड चहा अन चार बटर बुडवून खाल्लते 🤦 कुणाला बोललेच नाहीत.

सोक्सलेटवाला (नांदेड):
हात्तेच्या. ट्रायग्लिसराइड त्यानं वर दिसू शकतं, बारा तास उपाशी ठेवून परत करा. पण एलडीएल १६८ काय चहानं चढत नाही, गोळी टेस्टसाठी पण थांबवू नका.

मांजराकाठ (लातूर):
गोळी आईनं जेवताना हातावर ठेवली, गुपचूप घेतली. उरलेला पाला आज वरणात पडलाय, काकांकडं पण एक वाटी पाठवली.