कोमुनिदाद, काल्पुल्ली आणि आयल्यू: एकाच तक्त्यावर मांडावेत का?

डिचोली_इतिहास (प्रश्न)

आठवी-नववीच्या मुलांबरोबर शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘अ‍ॅझ्टेक आणि इंका यांचं रोजचं जीवन’ असा विभाग उभारतो आहोत. मुलांना ओळखीचं काही सापडावं म्हणून एका तक्त्यावर आपली गावकरी (गोव्यातली गावच्या जमिनीची सामाईक संस्था, पोर्तुगीज नाव कोमुनिदाद) आणि तिच्या शेजारी अ‍ॅझ्टेकांची काल्पुल्ली (जमीन वाटून कसणारा वस्तीचा गट) व इंकांचा आयल्यू (नात्यातल्या कुटुंबांचा गट) असं मांडायचं मनात आहे. तिन्हीकडे जमीन गावाच्या हातात होती, तेव्हा ही तुलना टिकेल का? सोबत चिनाम्पाची (अ‍ॅझ्टेकांच्या उथळ तळ्यात गाळ भरून केलेल्या शेताची) प्रतिकृती, एखादा पदार्थ आणि इंकांचा किपू, म्हणजे आकडे नोंदवायचे गाठींचे दोरे, करायचा आहे. सामान, प्रमाण आणि मुलं हमखास कुठे चुकतात, एवढं जाणकारांनी सांगितलं तर फार मदत होईल.

पावणी_आणि_पट्टी

सर, तुलना जरूर करा, पण ‘जमीन गावाची’ एवढ्यावर थांबलात तर मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसेल. जमीन वापरण्याच्या बदल्यात घराने काय द्यायचं, हे तिन्ही ठिकाणी वेगळं होतं. तक्ता त्या प्रश्नावर उभा करा.

आपल्याकडे कोमुनिदादीची शेतं पावणीला, म्हणजे लिलावाने कसायला, लागत. आलेल्या पैशातून बांध, देऊळ आणि सरकारी देणी भागवून जे उरे, त्यात गावकारांचा, म्हणजे सभासदांचा, वाटा. सभासदत्व बापाकडून मुलाकडे. म्हणजे गावात राहणारा प्रत्येक माणूस गावकार नव्हता.

आयल्यूत पावणीही नाही आणि भाडंही नाही. एका पूर्वजाचे वंशज मानले गेलेल्या कुटुंबांचा तो गट. लग्न झालेल्या जोडप्याला ‘तुपू’ नावाच्या मापाने शेत मिळे, आणि घरातली माणसं वाढली की तेही वाढे. तुपूचा आकार जमिनीच्या कसानुसार बदलत असे, म्हणून त्याखाली चौरस मीटरचा आकडा लिहू नका. बदल्यात घराने श्रम द्यायचे: आधी शेजाऱ्याच्या शेतावर, जे तो पुढे फेडतो, मग कुराका म्हणजे स्थानिक मुखियाच्या, देवस्थानाच्या आणि राज्याच्या शेतावर. राज्यासाठीच्या पाळीच्या कामाला ‘मीता’ म्हणत. त्यात रस्ते, पूल, सैन्य, विणकाम सगळं आलं. कामावरच्या माणसाला अन्न आणि मक्याची चिचा (आंबवलेलं पेय) पाजणं ही काम घेणाऱ्याची जबाबदारी. म्हणूनच कोठारं लागत. एकट्या हुआनुको पाम्पा या इंकांच्या ठाण्यात डोंगरउतारावर सुमारे ५०० कोठारं आहेत. मका मुख्यत्वे गोल कोठारात, कंदमुळं चौकोनी कोठारात.

काल्पुल्ली या दोहोंहून निराळी. तिथेही शेत कसण्यापुरतं मिळे, आणि सलग दोन वर्षं पडीक टाकलं तर परत घेतलं जाई. पण अ‍ॅझ्टेकांकडे श्रमांबरोबर मालही द्यावा लागे: सुती चादरी, मका, मिरची, कोको, पिसं. वर बाजार होता. राजधानीला लागून असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजारात कोकोच्या बिया सुट्या पैशांसारख्या चालत. इंकांच्या राज्यकारभारात नाणं नव्हतं आणि बाजाराला फार थोडी जागा होती. हा सगळ्यांत मोठा फरक आहे, आणि दोघांना एका दमात ‘अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृती’ म्हणून टाकलं की तोच हरवतो.

‘प्राचीन’ हा शब्दही काढाच. तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात (सनदेत) लिहून घेतले, तेव्हा अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडून पाचच वर्षं झाली होती आणि इंकांचं राज्य अजून उभं होतं. स्पॅनिश सेनानी पिसारो इंकांच्या काहामार्का शहरात पोहोचला १५३२ मध्ये. तक्त्याखाली ही कालरेषा काढलीत तर मुलांना तिन्ही गावं एका काळात दिसतील.

खाजन_बांध

चिनाम्पाबद्दल. पुष्कळ ठिकाणी ‘तरंगती बाग’ लिहिलेलं असतं, ते चूक. चिनाम्पा तळ्याच्या तळावर घट्ट बसलेला असतो.

खऱ्या चिनाम्पाची रीत अशी: उथळ पाण्यात मेखा ठोकून लांबट चौकोन आखायचा. त्यात पाणवनस्पतींचा थर, वर कालव्यातून उपसलेला गाळ, पुन्हा वनस्पती, पुन्हा गाळ, असं पाण्यावर येईपर्यंत. काठाला आहुएहोते नावाचा विलोच्या जातीचा वृक्ष लावायचा, त्याच्या मुळांनी कड धरून राहते. दोन पट्ट्यांमध्ये होडी जाईल एवढा कालवा. पट्टी अरुंद ठेवण्याचं कारण म्हणजे पाणी बाजूंनी झिरपून मधल्या मुळांपर्यंत पोहोचलं पाहिजे. फार उंच केली तर पीक सुकतं, फार खाली ठेवली तर मुळं कुजतात. म्हणून दर हंगामात गाळ चढवत राहावं लागतं, आणि कालवाही त्यानेच साफ राहतो.

रोपांची पद्धत जरूर दाखवा. गाळाचा पातळ थर पसरून थोडा आवळू द्यायचा, सुरीने चौकोनी वड्या पाडायच्या, प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून बी घालायचं. रोप वर आलं की वडीसकट उचलून शेतात. मुळं दुखावत नाहीत आणि शेत एक दिवसही रिकामं राहत नाही.

प्रतिकृतीसाठी खोल ट्रे घ्या. चुका होतात त्या मातीत. आपली जांभ्याची लाल माती पाण्यात विरघळून खाली बसते. खाजनातला (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातला) चिखल आकार छान धरतो, पण खारट असल्यामुळे बी रुजत नाही. गोड्या पाण्याच्या शेतातली चिकण माती आणा, कडेला काटक्या दाटीने रोवा, आत वाळलेलं गवत आणि माती आलटून पालटून. मोहरी किंवा मेथी पेरलीत तर आठवड्याभरात हिरवं दिसेल. पाण्याची पातळी मातीच्या दोन-तीन बोटं खाली ठेवा.

खाजनाशी तुलना इथे मात्र नेमकी जुळते, कारण दोन्हीकडे शत्रू मीठच. तेस्कोको तळ्याला बाहेर जायला वाट नव्हती. पाणी वाफ होऊन मीठ मागे राही. दक्षिणेकडची सोचिमिल्को आणि चाल्कोची पाणी झऱ्यांमुळे गोडी, म्हणून चिनाम्पा मुख्यतः तिथे. १४४९ च्या पुरानंतर तेस्कोकोचा राजा नेसावालकोयोत्लच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटरचा बांध घातला गेला. पूर्वेचं खारं पाणी त्याने अडवलं आणि शहराकडचं पाणी गोडं राहिलं. फरक असा की तिथे भरती-ओहोटी नव्हती. आपली मानस (खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार) ओहोटीला उघडते आणि भरतीला पाण्याच्या दाबानेच बंद होते, तसं दार तिथे दाखवू नका. शिवाय खाजनातलं शेत भरतीच्या पातळीखाली असतं, चिनाम्पा पाण्याच्या वर.

पाटा_वरवंटा

पदार्थ करणार असाल तर मका चुन्यात शिजवून दाखवा, तेनोच्तित्लानमधल्या घरातला दिवस त्यानेच सुरू होई.

१ किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नको, साल सुटत नाही आणि दाण्याचा गोळा होतो), ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याची चुन्याची पूड. स्टीलचं भांडंच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा टोप चुन्याने काळा पडतो. मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास, दाणा बोटांत चोळल्यावर साल निसटेपर्यंत. आतून पूर्ण शिजवायचा नाही. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा आणि वाटा. चुना जास्त झाला तर पीठ कडवट लागतं, कमी झाला तर भाकरी थापताना कडा फाटतात. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. पाट्यावर थोडं थोडं वाटलेलं उत्तम. कळीचा चुना मुलांजवळ आणूच नका, पाणी पडताच तो उकळतो.

चुना का, हे तक्त्यावर लिहाच. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, चुन्याने ते सुटं होतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि पुढे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला.

१५४० च्या दशकातल्या मेंदोसा या अ‍ॅझ्टेक चित्रग्रंथात वयानुसार मुलांचं अन्न काढलेलं आहे: तीन वर्षांच्या मुलाला अर्धी भाकरी, चार-पाचला एक, सहा ते बाराला दीड, तेरापासून दोन. त्याच चित्रांत मुलगा लाकडं आणताना, मुलगी सूत कातताना आणि तेराव्या वर्षी वाटताना दिसते. आठवीच्या मुलांना आपल्या वयाचं चित्र शोधायला लावा. आणि त्यांच्या उपासात मीठ आणि मिरची वर्ज्य असत, हे आपल्याकडच्या मुलांना पटकन कळेल.

तळलेलं काही ठेवू नका. तूप, दूध, तेलात तळणं तिथे नव्हतं.

डिचोली_इतिहास

मनापासून आभार. तक्त्याचं शीर्षक बदलून ‘जमिनीच्या बदल्यात काय?’ असं करतो. वेशभूषेत सगळ्या मुलांना पिसांचे मुकुट हवे आहेत. ते चालेल का? आणि किपू राहिला.

पावणी_आणि_पट्टी

मुकुट एकालाच द्या. अ‍ॅझ्टेकांत कपडा हाच दर्जा होता. सामान्य माणसाला घायपातीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याची, गुडघ्याच्या वर राहणारी चादर. सुती आणि लांब चादर सरदारांची. पिसं, सोनं आणि कानातले दागिने राजाच्या परवानगीने, लढाईत कैदी पकडणाऱ्याला दर्जाप्रमाणे. म्हणून दहातल्या आठ-नऊ मुलांना गोणपाटासारखा कपडा द्या. एखाद्याला गुलाम दाखवणार असाल तर खाली लिहा की तो लग्न करू शके, मालमत्ता ठेवू शके, आणि त्याची मुलं स्वतंत्र जन्मत. बहुतेक जण कर्ज, जुगार किंवा शिक्षेमुळे त्या अवस्थेला येत.

गाठ_आणि_दोरा

किपूसाठी ३ मिलिमीटरचा सुती दोरा घ्या. नायलॉनची सुतळी घसरते, गाठी सुटतात. आडवा मुख्य दोरा, त्याला प्रत्येकी ४० सेंटिमीटरचे दोरे लोंबते. वरून खाली शतक, दशक, एकक. शतक आणि दशकाला साध्या गाठी, जेवढा अंक तेवढ्या. एककाला लांब गाठ: गाठ मारताना दोरा जितके वेळा आत गुंडाळाल तितका अंक, २ ते ९. एकाच वेढ्याची लांब गाठ होत नाही, म्हणून १ साठी इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ. शून्याला रिकामी जागा.

२४३ असेल तर वर दोन साध्या, मोकळी जागा, चार साध्या, मोकळी जागा, खाली तीन वेढ्यांची एक लांब गाठ. ३०५ मध्ये दशकाच्या जागी काहीच नाही. इथेच मुलं चुकतात: रिकाम्या जागेचा अंदाज येत नाही आणि ३०५ चे ३५ होतात. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्यावर तीन आडव्या रेषा आखून सगळे दोरे त्यावर ताणायचे आणि गाठी त्या रेषांवरच मारायच्या.

मोजायला घरं द्या. इंकांचा कारभार कर देणाऱ्या घरांच्या मोजणीवर चाले: १०, १००, १,०००, १०,००० घरांचे गट, प्रत्येकावर अधिकारी. एका दोऱ्यावर एका वाड्यातली घरं, आणि शेवटच्या दोऱ्यावर बेरीज. खऱ्या किपूंतही असे बेरजेचे दोरे सापडतात. रंगांची अर्थसूची मात्र लावू नका. गाठींतले आकडे वाचता येतात. रंगांचा सर्वमान्य अर्थ अजून लागलेला नाही.