ऑफिससाठी नेटवर्क स्विच: सिस्को, ओमाडा की युनिफाय?

प्रश्न: 25 जणांचं ऑफिस, 6 आयपी कॅमेरे, 3 वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट. कुठली कंपनी भरवशाची?

उत्तर १: आधी पीओई बजेट बघा, म्हणजे स्विच नेटवर्क केबलमधून एकूण किती वीज देऊ शकतो ते. कॅमेरे 8 वॅटचे धरले तर 48, अ‍ॅक्सेस पॉइंट 15 चे तर 45, एकूण 93. म्हणून किमान 120 वॅट घ्या. बजेट अपुरं असलं की रात्री अंधारात बघण्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागताच कॅमेरे बंद पडतात आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला!

उत्तर २: सिस्कोचं मेराकी (क्लाउडवरून चालणारे स्विच) घेतलंत तर लायसन्सचं नूतनीकरण धरूनच हिशोब करा. ओमाडा, युनिफायचा कंट्रोलर (सगळी उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतःकडे बसवला की तो खर्च नाही. तुम्हाला ओमाडा पुरेल.

उत्तर ३: केबल शुद्ध तांब्याचीच हवी. सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार) सोलून खरवडा, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसेल.