सांधेदार मस्की फ्लायला मागचा हुक हवाच कशाला?

चिपेवाकाठ

मागच्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिनच्या चिपेवा फ्लोएजवर ४२ इंची मस्की लागली. फ्लाय, म्हणजे केस-पिसांचं बनावट आमिष, मीच बांधलेली, ११ इंच लांब, मध्ये सांधा, पुढे मोठा ६/० मापाचा आणि मागे जरा लहान ४/० मापाचा हुक. मासा जाळ्यात आला तेव्हा पुढचा हुक जबड्याच्या कोपऱ्यात अगदी नीट बसला होता. मागचा मात्र झटापटीत फिरून कल्ल्याच्या झाकणाखाली गेला होता. मी पकडीने पुढचा सोडवत होतो, तेवढ्यात माशाने अंग फिरवलं आणि मागचा हुक कल्ल्याच्या लाल पाकळ्यांत ओढला गेला. पाण्यात रक्ताची बारीक रेघ उमटली. बोल्ट कटरने हुक तोडला, शेपटीचा देठ धरून माशाला पाण्यात सरळ ठेवलं. बऱ्याच वेळाने तो गेला, पण ज्या गतीने गेला ते बघवत नव्हतं. घरी आल्यावर डबीतल्या चौदाच्या चौदा फ्लायचे मागचे हुक कापून टाकले.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्की म्हणजे पाइकच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. दहा हजार वेळा फेकावं तेव्हा एक लागतो, असं इथे म्हणतात. त्याच्यासाठी हातभर फ्लाय लागते, आणि एवढं लांब अंग एकाच ताठ दांडीवर बांधलं तर ते पाण्यातून काठीसारखं सरळ ओढलं जातं. म्हणून दोन-तीन तुकडे बांधून तारेने आणि मण्यांनी जोडायचे. दोर ओढून थांबलं की रुंद डोकं पाण्याला अडतं, मागचा तुकडा पुढे यायला बघतो आणि फ्लाय कंबरेत वाकून आडवी होते. घायाळ मासा असाच आडवा पडतो, आणि हल्ला नेमका त्या थांब्यात होतो.

माझं म्हणणं असं की मस्की शेपटी कुरतडत बसत नाही. ती सावजाला मधोमध किंवा डोक्याशी आडवं धरते, मग फिरवून डोक्याकडून गिळते. पुढच्या तुकड्यावर एक मोठा हुक असला की पुरे. मागे नुसती शँक, म्हणजे हुक नसलेली तारेची दांडी बांधावी. ब्लेन चॉकलेट यांची गेम चेंजर नावाची फ्लाय बघा, छोट्या आकारात शेपटीपासून सगळ्या शँकाच असतात आणि हुक पुढे. मागच्या हुकाने फ्लायची चालसुद्धा जाते. तो वजनाने शेपटीला खाली धरून ठेवतो, वळू देत नाही. हे मी घाटावरून, डोळ्यांसमोर, दोन फ्लाय शेजारी शेजारी ओढून पाहिलं आहे.

न्यूरिव्हरवाला

माशाचं वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. अजिबात नाही.

मी व्हर्जिनियात न्यू आणि जेम्स या दोन नद्यांवर मस्कीमागे असतो. तुम्ही म्हणता तसा आडवा हल्ला होतो, पण तो भुकेल्या, अंगावर आलेल्या माशाचा. थंड पाण्यातली मस्की फ्लायच्या मागे मागे येते, होडीपर्यंत येते. मग आपण काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवतो आणि ती वळणावर मागून तोंड घालते. त्या क्षणी तिच्या तोंडात फ्लायचा मागचा तिसरा हिस्सा असतो. तुमचा हुक तिथून सात-आठ इंच पुढे. हाताला जडपणा जाणवतो, तुम्ही दोर ओढता, आणि बकटेल, म्हणजे फ्लायला बांधलेले हरणाच्या शेपटीचे केस, दातांतून घसरत बाहेर येतं. गेल्या हंगामात एकाच हुकावर मी असे तीन मासे घालवले, तिन्ही होडीपाशी.

आणि गेम चेंजरचा दाखला देता तर पुरता द्या. मस्कीसाठीच्या मोठ्या आकारात तीच फ्लाय दोन हुकांवर बांधतात.

तुमच्या माशाला दुखापत झाली ती हुक सोडवताना. पकड लांब घ्या, मासा जाळ्यातच पाण्याखाली ठेवा, आणि मोकळा हुक आधी कापा. हुक काय, बाजारात मिळतो.

सुईदोरा

दोघेही हुकावर भांडताय, मी सांध्याबद्दल बोलते. बांधणारे बहुतेक जण दोन तुकडे जोडणारा तारेचा फास गरजेपेक्षा मोठा ठेवतात. सांधा मोकळा हलावा म्हणून दोन मणी आणि वर बोटभर तार. मग मागचा तुकडा पुढच्या तुकड्याच्या केसांत जाऊन गुंततो किंवा हवेतच उलटा होऊन पुढच्या हुकाला अडकतो, आणि अख्खी फेक वाया जाते. एकच मणी, आणि मण्यामागे तार इतकीच की तुकडा दोन्ही बाजूंना वळेल पण पूर्ण उलटा होणार नाही. चिपेवाकाठ, तुमचा मागचा हुक कल्ल्यापर्यंत पोचला त्यात लांब फासाचाही हात असणार. फास किती होता ते सांगाल का?

दुसरं, बकटेल कुठून कापता? शेपटीच्या बुडाचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की पंख्यासारखे फुलतात. टोकाकडचे केस भरीव, ते फुलत नाहीत. बुडाचे केस डोक्याशी उलटे बांधून मागे वळवले की हलकं, पोकळ, रुंद डोकं मिळतं आणि तेच पाणी अडवतं. टोकाचे केस शेपटीला. पुष्कळ लोक नेमकं उलट करतात आणि मग फ्लाय वळत नाही म्हणून मागे वजन वाढवतात. उलट्या बांधणीची ही हातोटी न्यू जर्सीच्या बॉब पॉपोविक्स यांनी समुद्रातल्या स्ट्राइप्ड बाससाठी रुजवली. त्यांच्या लांब फ्लायना हुक एकच असतो, आणि स्ट्राइप्ड बास काही लहान तोंडाचा मासा नाही.

सशाच्या कातड्याची पट्टी मात्र एवढ्या मोठ्या फ्लायला लावू नका. पाण्यात देखणी दिसते, पण भिजली की ओल्या टॉवेलसारखी जड होते. दिवसभर अकरा-बारा वेटची, म्हणजे जड दोराची काठी चालवायची तर खांद्याचा विचार हवा. बकटेल एका झटक्यात पाणी टाकतं.

मेलारेनचा पाइक

स्वीडनमधून. इथल्या पाइकसाठी मी गेली सहा वर्षं एकाच हुकाची लांब फ्लाय वापरतो, सांधा नाहीच. शेपटीला लांब पिसं लावली की हालचाल तीच देतात. पाइक सुटतात, नाही असं नाही. पण लागलेला मासा मिनिटभरात परत पाण्यात असतो. माझं मत चिपेवाकाठ यांच्या बाजूला.

न्यूरिव्हरवाला

पाइक आणि मस्की एका कुळातले असले तरी भुकेने एक नाहीत हो! पाइक दिवसात दहा वेळा संधी देतो. मस्कीचे आठवड्याला दोन हल्ले झाले तरी आठवडा चांगला गेला म्हणतात. तिथे सुटणारा प्रत्येक मासा जीव घेतो. सुईदोराताई, फासाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर.

उजनीकाठ

मी मस्की डोळ्यांनी पाहिलेली नाही. उजनीच्या फुगवट्यावर मरळीमागे असतो. आमच्याकडे हा वाद पाण्यानेच मिटवलाय. जलपर्णी आणि शेवाळात मागे लोंबणारा हुक टाकला तर पहिल्या ओढीत पाव किलो गवत वर येतं. म्हणून बेडकासारखी फ्लाय, एकच हुक, त्याला तारेची गवतआड.

पण मरळीवरून एक गोष्ट सांगायची आहे. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थरात वळवळताना दिसतो, त्याखाली आईबाप राखणीला असतात. थव्यावर काहीही टाका, मरळ घेणारच. भूक नसली तरी घेणार. तिथे काही जण दोन हुकांचं टाकतात, कारण हल्ला चिडून केलेला असतो, तोंड नीट उघडलेलं नसतं. मरळ लागते. अर्ध्या तासाने थवा बघा, चिलापी आणि इतर मासे त्यात घुसलेले असतात. म्हणून न्यूरिव्हरवाला साहेब, "सुटणारा मासा जीव घेतो" हे मला समजतं, पण काही मासे सुटायलाच हवेत.

चिपेवाकाठ

सुईदोराताई, घरी येऊन मोजला. फास पाऊण इंच होता, मणी दोन. म्हणजे तुमचा अंदाज खरा निघाला. चूक माझ्या बांधणीत होती हे मान्य करतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. न्यूरिव्हरवाला, तुम्ही म्हणता मोकळा हुक आधी कापा. ४२ इंची मासा जाळ्यात उसळ्या मारत असताना मोकळा हुक कुठला आणि अडकलेला कुठला हे शोधायला वेळ कुठून आणायचा? माझ्या ओळखीच्या एकाच्या अंगठ्यात मागचा हुक गेला, पुढचा माशाच्या तोंडात. मासा आणि माणूस एकाच फ्लायला बांधलेले, आणि मासा उसळतोय. बार्ब, म्हणजे हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा, दाबलेला होता म्हणून निभावलं.

होडीपाशी मागून धरणाऱ्या माशाबद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे, मीही पाहिलंय. त्यासाठी फ्लाय आखूड करतो. ११ ऐवजी ८ इंच, हुक पहिल्या सांध्याच्या मागे, म्हणजे जवळजवळ मधोमध. पुढे शँकवर पोकळ डोकं, मागे फक्त पिसं. हुकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार इंच उरतात.

न्यूरिव्हरवाला

मधोमध हुक, हे ऐकण्यासारखं आहे. पण ८ इंच म्हणजे नोव्हेंबरातल्या मोठ्या माशाला नाश्ता. त्या महिन्यात मी १२ इंचांच्या खाली येणार नाही, आणि १२ इंचांवर मागचा हुक काढणार नाही. बार्ब मात्र दोन्हीकडे दाबतो, आजपासून नाही, पहिल्यापासून. आणि पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीसाठी काठी बाहेरच काढत नाही. तेवढ्या गरम पाण्यात एका हुकावर लागलेला मासाही सोडल्यावर मरू शकतो. एक हुकवाल्यांपैकी जे जुलैत भर दुपारी मस्कीमागे जातात त्यांनी हेही मनावर घ्यावं.

सुईदोरा

चिपेवाकाठ, हुक पहिल्या सांध्यामागे घेतलात तर पुढच्या शँकची तार दुहेरी घ्या. आता सगळा ताण त्या एका सांध्यावर येणार. बांधून झाली की हुक व्हाइसमध्ये, म्हणजे फ्लाय बांधायच्या शिकंज्यात धरा, शँकचा डोळा पकडीने धरून पूर्ण जोर लावून ओढा, तार सरकली तर तिथेच कळेल. आणि डोक्याला बकटेलचे तीन थर पुरे, चौथा लावलात तर फ्लाय बुडणार नाही.

चिपेवाकाठ

तीनच लावतो. शनिवारी दोन बांधतो, एक तुमच्या मापाने आणि एक न्यूरिव्हरवाला यांच्यासाठी १२ इंची, पण मधल्या हुकाची.