काळीज म्हणजे नेमकं कोणतं : हृदय की यकृत?

चोपड्याहून

राम राम मंडळी. रविवारी मुलाला घेऊन मटणाच्या दुकानावर गेलो होतो. दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काळीज टाकू का थोडं?" आणि लालसर-काळपट, गुळगुळीत तुकडा तराजूत ठेवला. मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, "पप्पा, हे तर यकृत. आमच्या पुस्तकात चित्र आहे. काळीज म्हणजे हृदय ना?"

मला उत्तर देता आलं नाही. आजी याच पोराला दिवसातून दहादा "मना कायजाना तुकडा" म्हणते. आता पोरगा विचारतोय, मी नेमका कशाचा तुकडा? जाणत्यांनी सांगावं.

अमळनेरहून

जिभाऊ, दुकानदार बरोबर आहे आणि आजीही. मी शाळेत तीस वर्षं मराठी-संस्कृत शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न वाचून फार आनंद झाला.

काळीज हा शब्द मुळात यकृताचाच. संस्कृतात यकृताला 'कालेय' म्हणत. प्राकृतात त्याचं 'कालेज्ज' झालं, आणि त्यातून आपलं काळीज आणि हिंदीतला कलेजा आला. अमरकोशात यकृताला आणखी एक नाव दिलंय : कालखंड. आज आपण 'इतिहासाचा कालखंड' म्हणतो तोच शब्द, पण तिथं काल म्हणजे वेळ नाही, काळा रंग. काळा तुकडा. तुमच्या मुलानं तराजूत जे पाहिलं, त्याचंच वर्णन त्या नावात आहे.

आता जिगर घ्या. 'जिगरबाज', 'जिगरी दोस्त' म्हणताना आपल्याला छाती आठवते, पण फारसीत जिगर म्हणजे यकृत. आपलं यकृत आणि त्यांचं जिगर एकाच जुन्या शब्दापासून निघालेले, सख्खे भाऊ. म्हणजे धाडस, माया, दुःख या सगळ्यांचं घर जुन्या माणसांनी यकृतात मानलं होतं. पुढे हे सगळं हृदयाच्या नावावर गेलं. काळीज हा शब्दही सोबत डावीकडे सरकला. खाटकाच्या दुकानात तेवढा तो मूळ जागी राहिला.

रावेरहून

सर, आमच्याकडे ळ चा य होतो. डोळा - डोया, केळी - केयी, तसं काळीज - कायीज. पण एक शंका आहे. काळीज जर यकृत, तर 'काळजाचा ठोका चुकला' कसं म्हणतात? यकृताला कुठं ठोका असतो?

अमळनेरहून

शंका रास्त आहे. हा वाक्प्रचार अर्थ बदलल्यानंतरचा असला पाहिजे. 'काळीज धडधडलं' तसंच. पण 'काळजाला घरं पडली', 'उलट्या काळजाचा माणूस', 'काळीज फाटलं' हे बघा. यातल्या एकालाही ठोक्याची गरज नाही.

धुळ्याहून

सर, मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. शब्दांतलं मला फार कळत नाही, पण शरीरातलं थोडं सांगते.

आधी जागा. काळजावर हात ठेव म्हटलं की सगळे डावीकडे हात नेतात. हृदय खरं तर छातीच्या जवळजवळ मध्ये असतं, त्याचं टोक तेवढं डावीकडे झुकलेलं, म्हणून ठोका तिथं लागतो. यकृत उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. वजन साधारण दीड किलो, म्हणजे हृदयाच्या जवळपास पाचपट. शरीराच्या आतला हा सगळ्यात मोठा अवयव. सर म्हणाले तो काळा रंग रक्ताचा आहे. आपण नुसते बसलो असलो तरी हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा सुमारे चौथा भाग यकृतातून जातो. त्यातलंही बरंचसं आतड्यांकडून अन्नरस घेऊन आलेलं असतं.

ठोका चुकण्याचंही सांगते. तो बहुतेक वेळा चुकत नाही, वेळेआधी पडतो. लवकर पडल्यामुळे दुबळा असतो, जाणवत नाही. मग थोडी विश्रांती, आणि पुढचा ठोका जोरात. आपल्याला मधली पोकळीच तेवढी कळते.

मला मात्र सगळ्यात जास्त सांगायचंय ते आजीच्या 'तुकड्या'बद्दल. हृदयाचा तुकडा कुणी कुणाला देऊ शकत नाही. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी, अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ चा माग काढून, हृदयाच्या स्नायूपेशी किती नव्या होतात ते मोजलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पंच्याहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढंच. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काही महिन्यांत जवळपास पहिल्याएवढा होतो. कापलेला आकार परत येत नाही, पण वजन भरून येतं आणि काम पूर्ववत चालतं.

म्हणूनच यकृत जिवंत माणसाला देता येतं. १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथं एका आईच्या यकृताचा भाग तिच्या तान्ह्या मुलाला बसवला. जिवंत दात्याकडून झालेलं ते पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण. भारतात १९९८ साली दिल्लीत एका बापानं आपल्या लहानग्याला असाच भाग दिला. अशी मुलं पुष्कळदा पित्तनलिका बंद असलेली जन्मतात, पित्त आत तुंबून यकृत खराब होतं. मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग बाळाला पुरतो, आणि बाळासोबत वाढतो. आईबापाचंही भरून येतं.

'काळजाचा तुकडा' म्हणणाऱ्या पहिल्या बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोनदा डोळे पुसले. आमच्या विभागात बाहेर बाकावर बसलेल्या आया मी पाहिल्यात.

रावेरहून

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. दुकानातली एक गोष्ट जोडतो. काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी खाटीक फार जपून काढतो. ती फुटली तर अख्खं काळीज कडू होतं. ते पित्तच ना?

धुळ्याहून

हो दादा, पित्ताशय. पित्त तयार करतं यकृत, पिशवीत नुसतं साठवलं जातं. माणसाचं यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. एक अजून : यकृताच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही. त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं गेलं तरच दुखतं. त्यामुळे आजार पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो.

चोपड्याहून

सगळ्यांना राम राम. काल रात्री पूर्ण चर्चा मुलाला वाचून दाखवली. तो उजव्या बरगडीखाली हात लावून आजीकडे गेला आणि विचारलं, तू मला कायजाना तुकडा म्हणतेस तो इथला की इथला?

आजीनं क्षणभरही विचार केला नाही. मटण शिजायला वेळ लागतो, काळीज लवकर होतं. म्हणून ती पहिल्यापासून एक तुकडा मीठ लावून चुलीच्या निखाऱ्यावर भाजते आणि बाकी ताटं वाढायच्या आधी पोराच्या हातावर ठेवते. मला ठेवायची, आता त्याला. ती म्हणाली, तोच.