'ॲरे'ला जाळं म्हणायचं की मांडणी?

प्रश्न : भूकंपाच्या लहरी एकत्र नोंदणाऱ्या यंत्रांच्या संचाला, म्हणजे 'सायस्मिक ॲरे'ला, मराठीत काय म्हणावं? पेपरात 'भूकंपमापकांचं जाळं' असं येतं. आणि यंत्र बसवतात त्या 'स्टेशन'ला 'भूकंप केंद्र' चालेल का?

— आधी केंद्राचं. ते नको. १९९३च्या किल्लारीनंतर आपल्या सोलापूर-लातूर पट्ट्यात 'भूकंपाचं केंद्र' म्हणजे हादरा उठला ती जागा. 'सोलापुरात भूकंप केंद्र' अशी बातमी छापली तर लोक रात्री अंगणात झोपतील. यंत्राच्या जागेला 'नोंदठाणं' म्हणा. जमिनीखालची हादऱ्याची जागा 'नाभी', तिच्या बरोब्बर वरची 'अपिकेंद्र'.

'जाळं' नेटवर्कला ठीक. ॲरेत ठाण्यांमधलं अंतर आधी ठरवलेलं असतं आणि सगळ्या नोंदी एकत्र लावूनच उत्तर निघतं. म्हणून 'मांडणी'. अमेरिकेच्या यूएसॲरे प्रकल्पातल्या 'ट्रान्स्पोर्टेबल ॲरे'त एका वेळी सुमारे ४०० ठाणी होती, साधारण ७० किलोमीटरवर एक. म्हणजे एक सोलापुरात, पुढचं पंढरपुरात. एका जागी दोनेक वर्षं मुक्काम, मग पश्चिम कडेची ठाणी उचलून पूर्वेला. असं करत २०१३ला अटलांटिक किनारा गाठला, नंतर अलास्का.

म्हणून 'ट्रान्स्पोर्टेबल'ला 'वाहतूकक्षम' नको, सरळ 'फिरती मांडणी'. ऊसतोड टोळी कोपी मोडून पुढच्या गावाला लावते, तसंच हे.

— यंत्र 'पुरलं' की 'बसवलं'?

— बसवलं. 'पुरलं' म्हटलं की माती लोटली नि झालं, असं वाटतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर यंत्राचा ओटा बांधला तर तो कलतो आणि आडव्या हालचालीच्या नोंदी वाहवत जातात. माती-मुरूम काढून खडकापर्यंत खणायचं, ओटा खडकावर घ्यायचा, खड्ड्याच्या भिंतीला चिकटू द्यायचा नाही. यंत्रमागांपासून लांब, हे वेगळं सांगायला नको. यंत्राची उत्तर दिशा होकायंत्रावर लावू नका, आपला बेसाल्टच चुंबकीय आहे, काटा फसवतो. इथे 'उत्तर' म्हणजे भौगोलिक उत्तर.

— ठाण्यांच्या घड्याळांच्या 'टायमिंग'ला 'वेळ जुळणी' म्हणतो.

— चालेल. जीपीएसच्या अँटेनावर झाड आलं की ही जुळणी सुटते, मग आतलं घड्याळ हळूहळू सरकतं. पृथ्वीच्या कवचात प्राथमिक लहर, म्हणजे भूकंपाची सगळ्यांत आधी पोचणारी लहर, सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास धावते, ०.१ सेकंदाची चूक म्हणजे अंतरात ६०० मीटरची.

— आणि ॲरेचं अनेकवचन?

— मांडण्या.